वास घालवणारा साबण

अमेरिकेत अ‍ॅशबर्नला आमच्या बिल्डिंगच्या लॉन्ड्रीत एकजण दर रविवारी यायचा. शिकारीच्या पॉडकास्टवर बोलणारा हाच, हे मी आवाजावरून ओळखलं. ‘या साबणाने कपडे धुवा, हरणालाही वास येणार नाही,’ असं तो छातीठोक सांगायचा. म्हणून जॅकेटचा फोडणीचा वास घालवायला मी तो महागडा साबण आणला होता. वास तसाच राहिला.

हा स्वतः मात्र शिकारीचे कपडे खायच्या सोड्यात धूत होता.

“मग तो साबण?” मी विचारलं.

“साबणवाले कार्यक्रमाला पैसे देतात,” तो हसला. “तू सोडाच वापर. माझ्यावर विश्वास ठेव.”

बोलताबोलता त्याने सोड्याचं खोकं फिरवलं आणि जाहिरातीत दाखवतात तसं लेबल बरोब्बर माझ्यासमोर आणलं.

मी सोडा घेतला नाही.