पाणमसुराची साक्ष

ओत्ताविया मावशी बरणीत बघून कुणाचं पीक बुडणार ते सांगते, अशी आमच्या गावात बोलवा आहे. पाववाल्या बाईंनी तर ती पाण्याशी बोलते, इथवर गोष्ट नेली. साफ खोटं. मावशी माणसांशीच जेमतेम बोलते. आणि बरणीत असतात ते पाणमसूर: डबक्यावर तरंगणारी, मसुराच्या दाण्याएवढी हिरवी पानं, प्रत्येकाखाली दोऱ्यासारखं एकेक मूळ.

वेर्चेल्लीच्या भातखाचरांत ती एकतीस वर्षं पाटकरीण आहे. वरच्या खाचराचं पाणी खालच्यात, तिथलं आणखी खालच्यात, असं एकच पाणी सगळ्यांना फिरवायचं. पाटाचं पाणी अडवणाऱ्या फळ्यांच्या कुलपाची किल्ली तिच्या गळ्यात. तणनाशक मारलं की खाचराचं पाणी दहा दिवस कोंडायचं, मगच खाली सोडायचं, हा इथला नेम. दिवस शेतकरी मोजतो. मावशीचा त्या मोजणीवर विश्वास नाही. ती एका बरणीत झऱ्याचं पाणी घेते, दुसरीत खाचराचं, दोन्हींत दहा-दहा पाणमसूर सोडते आणि खिडकीत ठेवते.

गेल्या जूनमध्ये ग्वाल्तिएरो बोसियोला पाणी काढायची घाई झाली. साचलेल्या पाण्यात त्याची रोपं चिखलात मूळ धरत नव्हती, सुटून तरंगायला लागली होती. दहा दिवस भरले होते आणि शहरातल्या प्रयोगशाळेचा कागदही हातात होता: पाणी स्वच्छ. पण खालच्या खाचरांतल्या तिघांची भातं अजून बोटभर होती. मावशीने फळी उचलली नाही.

ग्वाल्तिएरो बोलायच्या आधी घसा असा खाकरतो की जुना पंप सुरू होतोय असं वाटावं. तसा खाकरून तो म्हणाला, "बाई, माझ्या कागदावर शिक्का आहे. तुमच्या लोणच्याच्या बरणीवर आहे का?"

"शिक्का नाही," मावशी म्हणाली. "पानं पांढरी आलीत."

तो तडक पाणीसंस्थेत गेला. या बाईकडून किल्ली काढून घ्या, नाहीतर माझं भात वाहून जाईल, म्हणाला. दोन दिवसांनी सभा बोलावली. सभेला निघताना मावशीने गळ्यातली किल्ली काढून पुसली आणि परत घातली.

सभेत तिने दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या. चाळीस पुरुष हसले. एकाने वरून थोडं व्हिनेगर घाला म्हणून सुचवलं. हसणं संपेपर्यंत मावशी थांबली, मग नेहमीसारखं नाक ओढून सुरू झाली.

"जुनी पानं बघा. हिरवीच आहेत. मुळंही गळालेली नाहीत, म्हणजे पाणी सडकं नाही. पण या पाण्यात जन्मलेलं पान न् पान कागदासारखं पांढरं. बांधावरचं गवत कशाने असं पांढरं पडतं, ते औषध तुम्हीच मारता. मला काय विचारता?"

अध्यक्षांनी चष्मा लावून कागद पुन्हा वाचला. प्रयोगशाळेने पाण्यात सहाच औषधं तपासली होती. गवत पांढरं करणारं त्यांत नव्हतंच. त्यांनी ग्वाल्तिएरोला विचारलं की शेवटचं कधी मारलं. तो तीनदा खाकरला. मग हळूच म्हणाला की सहाव्या दिवशी एका कोपऱ्यात तण दिसलं, तेवढ्यापुरता पुन्हा पंप फिरवला. कोपराच तो, म्हणून दिवस पहिल्या फवारणीपासूनच मोजले.

असा एखादा कोपरा मोजायचा सोडला नाही, असा माणूस त्या सभागृहात एकही नव्हता.

किल्ली मावशीकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खिडकीखाली माणसं आपापल्या खाचराच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी, डोक्यावरच्या टोप्या हातात. आमच्या गल्लीत असा मान पाद्रीबाबांनाही मिळत नाही.

उरला ग्वाल्तिएरो. त्याची रोपं तरंगतच होती. मावशी रोज त्याचं पाणी नव्या बरणीत भरत होती. मी पैज लावली की संत जोव्हान्नीच्या सणाआधी, म्हणजे चोवीस तारखेआधी, त्या पाण्यात हिरवं पान येत नाही. हरणाऱ्याने सणाच्या जेवणासाठी बादलीभर बेडूक सोलायचे. मावशी नाक ओढून म्हणाली, "तेरा."

तेरा तारखेला सकाळी नवं पान हिरवंगार होतं. तिने फळी उचलली. ग्वाल्तिएरोचं भात कडेने जरा पिवळं पडलं, पण त्याने मूळ धरलं, आणि खालच्या तिघांचं एकही पातं पांढरं झालं नाही. बेडूक एकशे बारा होते. सगळे मी सोलले.