मागचं दार: बंद

दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि म्हणायचं, "गुरुजी, माणूस खोटं बोलतं. दार न्हाई बोलत." ही अप्पांची सवय. स्वतःच्याच नव्हे, माझ्या दारावर, किराणा दुकानाच्या दारावर, एकदा तर तहसीलच्या दारावरही त्यांनी अशी टकटक केलेली मी पाहिली आहे.

अप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, उदगीरला आमच्याच गल्लीत राहणारे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी सुटते, पण हातातला पेचकस सुटत नाही. नांदेडच्या मुलानं त्यांना साबणाच्या वडीएवढा एक कॉम्प्युटर आणून दिला. महिनाभर डोळ्याला भिंग लावून, बोटं पोळून घेत अप्पांनी घराच्या दोन्ही दारांना सेन्सर बसवले. चौकटीवर एक पांढरी डबी, दाराच्या फळीवर लोहचुंबक. दार उघडलं की चुंबक डबीपासून लांब जाणार आणि अप्पांच्या मोबाइलवर निरोप येणार: 'मागचं दार: उघडं.' लावलं की 'बंद'. पहिल्या दिवशी ते लहान पोरासारखे दारं उघडत-लावत बसले होते. अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, "आता माशीला बी इचारूनच यावं लागंल."

लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. आमच्याकडे टँकर दहा-बारा दिवसांनी यायचा. अप्पांचे ड्रम मागच्या दाराला लागून होते आणि त्या दारापलीकडच्या बोळात शबाना राहायची, शिंप्याची सून, वीस दिवसांची बाळंतीण. बाळंतिणीला पाणी नाही म्हणू नये, हे अक्कांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. रोज एक घागर त्या दारातून बाहेर जायची.

संध्याकाळी ओट्यावर आम्ही चार म्हातारे जमलो की अप्पा मोबाइल काढून मोठ्यानं वाचायचे. "अकरा वाजून वीस मिनिटं. मागचं दार. चार मिनिटं उघडं. चार मिनिटांत काय होतं, गुरुजी? एक घागर होती."

अक्का अर्धा-अर्धा कप चहा घेऊन उंबऱ्यात उभ्या. "झाडून काढलं," त्या पुटपुटायच्या.

"माणूस खोटं बोलतं," म्हणत अप्पा चौकटीवर टकटक करायचे. आम्ही हसायचो. चांगले खो-खो हसायचो. मग गेलेली घागर अक्कांच्या वाट्यातून वजा व्हायची. तीन दिवस त्या बाईनं आंघोळीशिवाय, पळीभर पाण्यात इष्टलिंगाची पूजा केली. चौथ्या दिवशी मला हसू आलं नाही, एवढाच काय तो माझा मोठेपणा.

एका दुपारी अक्का माझ्याकडे आल्या. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. "गुरुजी, ते पोरान्ला दाखवायचं लोहचुंबक हाय का अजून?" मला सगळं उमगलं. मी चुंबक तर दिलंच, वर ते डबीला कुठं चिकटवायचं तेही समजावलं. मग दार सताड उघडं असलं तरी डबीला ते लागलेलंच वाटणार. आम्ही दोघंही हसलो.

अप्पा घराबाहेर पडले की अक्का चुंबक चिकटवायच्या, यायच्या आधी काढून ठेवायच्या. अप्पा खूश. "मी नसताना मागचं दार उघडलंच न्हाई. सुधारली ही."

त्या दिवसांत उदगीर जिल्हा व्हावा म्हणून तहसीलसमोर धरण्याचा मांडव घातला होता. अप्पा तिथं नेमानं बसायचे. "जिल्हा झाला की पाणी यील," म्हणायचे. त्या दिवशी मीही शेजारी होतो. बाराच्या सुमाराला त्यांचा फोन वाजला. शबानाचा आवाज मलाही ऐकू आला. "अप्पा, जल्दी या! अक्का मागच्या दारात पडल्यात, उठून नाही राहिल्या! गल्लीत कुणीच नाही, सगळे टँकरवर गेलेत!"

अप्पांनी मोबाइल पाहिला आणि माझ्यापुढं धरला. 'मागचं दार: बंद.' "बघा. दार बंद हाय अन् ही म्हणते दारात पडल्या. मी गेलो की पाणी मागंल. नाटक हाय सगळं." फोन पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. त्यांनी आवाज बंद करून तो खिशात टाकला.

मला ठाऊक होतं. तुम्ही विचाराल, मग बोललो का नाही? बोललो असतो तर अक्कांचं बिंग फुटलं असतं. माझंही. पडल्या असतील, उठतील, असं स्वतःला सांगत मी भाषण ऐकत बसलो. अर्धा तास. मग म्हणालो, "अप्पा, घरी एक चक्कर मारू."

अक्का उंबऱ्यावर होत्या, निम्म्या आत, निम्म्या बाहेर. घागर आडवी पडलेली, पाणी जमिनीनं केव्हाच पिऊन टाकलेलं. शबाना बाळाला भुईवर ठेवून ओढणीनं त्यांना वारा घालत होती. अक्कांचा श्वास चालू होता. "अगं ए, ए," करत अप्पा खाली बसले. माझा हात चौकटीकडे गेला. डबीवरचं चुंबक काढून मी खिशात घातलं. त्याच क्षणी अप्पांच्या खिशात मोबाइल थरथरला.

लातूरच्या वाटेवरच अक्का गेल्या.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा मोबाइल दाखवायचे. "बारा पस्तीसला दार उघडलं, बारा पस्तीसलाच मी तिच्याजवळ. एक मिनिट उशीर केला न्हाई मी." आणि शबानाचा फोन? "तवा दार बंद व्हतं. रेकॉर्ड हाय." मग गल्लीत कुजबुज सुरू झाली. दार उघडायच्या आधीच हिला पडल्याचं कसं कळलं? पाण्यासाठी हिनंच ओढलं असंल म्हातारीला.

शबाना बाळाला कडेवर घेऊन माझ्या दारात आली. "गुरुजी, तुम्ही बाजूलाच बसले होते ना? सांगा ना लोकांना, मदतीसाठी मी किती वेळा फोन केला ते."

"मला नीट आठवत नाही," मी म्हणालो. पावसाळ्याआधीच ती माहेरी गेली. कायमची.

अप्पाही आता नाहीत. नांदेडला मुलाकडेच वारले. उदगीर सोडलं त्या सकाळी ते माझ्याकडे आले होते. मोबाइलवर बोट फिरवत जुने निरोप दाखवत होते. "ही बघा, सकाळी सहाला पुढचं दार. रांगोळी काढायला उठायची. ही तीच हाय, गुरुजी. एवढीच उरली." मग बोट थांबलं. "अन् हे शेवटचे अठरा दिवस. मी नसताना मागचं दार एकदा बी उघडलं न्हाई. शेवटी शेवटी ऐकलं तिनं माझं."

त्यांचे डोळे भरून आले होते. जाता जाता त्यांनी माझ्या चौकटीवर टकटक केली. "दार न्हाई बोलत खोटं. काय गुरुजी?"

"हो, अप्पा," मी म्हणालो.