नॉट गिव्हन ऑल्सो

हे म्या आजवर कुनालाच सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, माहेरी आईला बी न्हाई. तुला सांगते, मैतरनी — कावून, ते मला बी धड कळंना. धाकटं लेकरू झोळीत झोपलंय तवर लिव्हते, उठलं की ऱ्हाईल अर्ध्यातच.

माझं शिक्षन दहावीपर्यंत, तेबी परीक्षेच्या आधी लगीन लागलं, फॉर्म भरलेला तसाच ऱ्हायला. पन इंग्रजी मला येत होतं गं. सगळं न्हाई — 'चूक दुरुस्त करा' म्हनून प्रश्न असतो ना, तेवढा. सर फळ्यावर हे लांबलचक वाक्य लिव्हायचे, एक बी टिंब न्हाई, अन् म्हनायचे, सांगा, दम कुठं घ्यायचा? माझं बोट आधी वर. ज्वारी निवडताना खडा दिसतो तशी मला चूक दिसायची.

सासरी आले, युसूफ वडगावला, अन् त्याचं काय करायचं तिथं? चूल, पानी, मंग थोरलं पोर झालं, ते सारखं आजारी, मी सारखी भेलेली. एकट्या मंगलला माझं इंग्रजी पायजे होतं. मंगल माझी ननंद, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बारावीला होती. दुपारी सासूबाई शेताकडं गेल्या की वही घेऊन यायची, पोराला मांडीवर घ्यायची, वही माझ्याकडं सारायची. ती मराठीच इंग्रजीत लिव्हायची, थांबायचं नाव न्हाई.

"अगं दम घे की, यष्टी सुटलीय का तुझी?"

"दम तुमी घ्या, मास्तरीनबाई. तुमची पेन्सिल कशाला हाय?"

मास्तरीनबाई! त्या घरात मला दुसरं कोन काय म्हनत होतं — 'ए', न्हाईतर 'बाळाची माय'. दिवसातला तेवढा एक तास मी मी होते. अजून बी दुपारी हात रिकामा झाला की दाराकडं बघते. कशाला बघते?

बारावी झाली, मंगलनं बीडला नर्सिंगचा अर्ज टाकला. तिथून पत्र आलं. नाव लागलंय, होस्टेलच्या जागा थोड्या हायत, येनार का ते कळवा. उत्तर इंग्रजीतच पाठवायचं, ती हटूनच बसली. गावात नुकताच यष्टीडी फोनचा पिवळा डबा आलता, ज्याला त्याला वाटायचं आता इंग्रजीबिगर काय खरं न्हाई. तिनं कच्च्या कागदावर लिव्हलं —

आय विल कम इफ होस्टेल इज गिव्हन नॉट गिव्हन ऑल्सो आय विल कम

होस्टेल दिलं तर येईन, न्हाई दिलं तरी येईन. बीडात तिच्या मावशीची एक खोली होती, तिथं ऱ्हानार होती ती.

चुकलं होतं का? चुकलं होतं. मधी टिंब न्हवतं. पुढं अजून एक 'इफ' पायजे होता, 'इट इज' पायजे होतं. दोन मिनिटाचं काम. म्या 'गिव्हन'पुढं टिंब दिलं बी. मंग वर बघितलं — मंगल पोराला थोपटत होती अन् मनानं कवाच बीडला गेलती. मला दिसलं, ही गेली की वही गेली. दुपार तेवढी ऱ्हाईल.

टिंबाच्या पुढचं सगळं म्या खोडलं.

म्हनले, "नॉट गिव्हनला कर्ताच न्हाई. अन् आय विल कम दोनदा झालं. इंग्रजीत एकदाच म्हनतेत."

ती वाकून बघत ऱ्हायली. "मंग वैनी, तरी बी येईन — ते आलं का ह्याच्यात?"

"आलं की."

दोन शब्द. हेच ते — जे कुनाला सांगितलं न्हाई.

तिनं निळ्या पेनानं पक्कं लिव्हलं, जिभेनं तिकीट चिकटवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, इंग्रजीत, म्हनून घरच्यांनी वाचायला माझ्याच हातात दिलं. होस्टेल भरलंय, अन् होस्टेल मिळालं तरच येनार असं तुमीच कळवलंय, तवा जागा दुसऱ्या मुलीला दिली — असं होतं त्याच्यात. मी मोठ्यानं म्हनले, "नर्सिंगच्या जागा भरल्या." बाकीचं गिळलं.

मंगल हसायला गेली. "माझं इंग्रजी बघून पळाले असतील, वैनी." म्या पोराला पाजायला घेतलं.

त्यानंतर वही आलीच न्हाई. उन्हाळ्यात तिचं लगीन झालं, शिरूर कासारकडं. दिवाळी झाली की नवऱ्यासंगं ट्रकात बसून ऊस तोडायला जाती. तिकडून पत्र टाकती मला, मराठीत, अजून बी एक टिंब न्हाई — वैनी बाळ कसंय आमी बरे हाओत हाताला कोयत्याचे घट्टे पडलेत अक्षर वाकडं येतंय. अन् शेवटी, समदे लिव्हतेत तसंच — चुकलं असंल तर दुरुस्त करून वाचा.

मी वाचते.

तो कच्चा कागद माझ्या पेटीत हाय, लुगड्यांच्या खाली. माझी रेघ म्या खोडरबरानं पुसली, तिचे शब्द पेनाचे, ते जसेच्या तसे ऱ्हायले. कुनी नसलं की ओठांतल्या ओठांत वाचते. नॉट गिव्हन ऑल्सो आय विल कम. ती जानारच होती. म्या जाऊ दिलं न्हाई. टिंब तेवढं पुसलं न्हाई — ते बरोबर होतं.