बाबांचा पाय आणि लोखंडी टाकी

ऐंशीच्या दशकातली एक दुपार. मुलुंडचं आमचं दोन खोल्यांचं घर, डोक्यावर घरघरणारा पंखा, खिडकीशी तांदूळ निवडणारी आई आणि उशीवर पाय ठेवून पडलेले बाबा... ती दुपार मला अजूनही अधूनमधून स्वप्नात दिसते.

बाबा टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डर होते. मधुमेह होता, आणि बूट चावून अंगठ्याला झालेली जखम तीन महिने भरत नव्हती. डॉक्टरांनी मला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर घोट्यापासून पाय काढावा लागेल.

आम्ही काय केलं? तेव्हा घरोघरी जे करायचे तेच. जिन्यात उभं राहून दोघींनी रडून घेतलं, तोंडं पुसली आणि आत येऊन बाबांना सांगितलं की औषध बदललंय, महिन्याभरात बरं वाटेल.

त्याच दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला एक उपाय सांगितला होता. माणसाला बंद टाकीत ठेवायचं, आतला हवेचा दाब वाढवायचा आणि शुद्ध ऑक्सिजन द्यायचा... काही हट्टी जखमा त्याने भरतात म्हणे. पण त्यांनी ते फक्त पुस्तकात वाचलं होतं. मुंबईत कुठे मिळतं, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. अक्कल बेताची, पण चिकाटी दांडगी. रोज दुपारी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जायचं, ती जाडजूड डिरेक्टरी मांडीवर घ्यायची आणि नंबर फिरवत बसायचं.

कोणी म्हणे, ऑक्सिजन तर आमच्या वॉर्डात आहेच की. घाटकोपरच्या एका गृहस्थांनी विचारलं, "किती सिलिंडर पाहिजेत? वेल्डिंगचे की हॉस्पिटलचे?" कोणी म्हणालं, खोल पाण्यातून वर आलेल्या पाणबुड्यांना त्रास झाला की अशा टाकीत ठेवतात, नौदलात चौकशी करा. तिथे कोणाला गाठायचं, हे सांगणारं मात्र कोणी भेटेना.

फोन लागेपर्यंत मी रस्त्यावरच्या उन्हाकडे बघत बसायची. वाटायचं, आपण राहतो बेटावर. चहूबाजूंनी पाणी, त्या पाण्यात रोज माणसं उतरत असणार... आणि त्यांचं औषध कुठे ठेवलंय, ते एवढ्या मोठ्या शहरात कोणालाच कसं माहीत नाही? डोळे मिटले की ती टाकी मला समुद्राच्या तळाशी दिसायची, आत दिवा लागलेली.

तीन आठवडे असे गेले. मग त्या दुपारी घरी आले तेव्हा बाबांनी सहज विचारलं, "रोज खंय जातंस गो?"

आणि माझा बांध फुटला. पाय, घोटा, डॉक्टर, टाकी... सगळं एका दमात सांगून टाकलं. आईचा हात सुपातच थांबला.

 बाबांनी एकच प्रश्न विचारला, "त्या टाकीचो दरवाजो आत उघडता की भायर?"

मला काय माहीत! पण ते उठून बसले आणि पेपरच्या कोऱ्या कडेवर चित्र काढायला लागले. आडवं नळकांडं, गोल जाड काचा, आतल्या बाजूला उघडणारं दार... आतून दाब आला की ते आणखी घट्ट बसतं. अशी एक टाकी दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच कारखान्यात झाली होती, समुद्रातल्या कामांसाठी पाणबुडे पुरवणाऱ्या एका कंपनीसाठी. ती कंपनीच्या अंधेरीच्या शेडमध्ये उभी होती. तिच्यात जखमाही बऱ्या होतात, हे बाबांना माहीत नव्हतं.

"आणि पायाचं..." मी चाचरत म्हटलं.

"ता माका ठावक होता. वास पयलो माकाच येता ना! तुमका भय वाटात म्हणान गप रवलंय."

कारखान्याच्या साहेबांनी चिठ्ठी दिली. पाणबुड्यांच्या कंपनीचे डॉक्टर पूर्वी नौदलात होते. त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले, आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि मग हो म्हणाले. त्या 'हो'साठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

टाकी आमच्या स्वयंपाकघराएवढी होती, पिवळ्या रंगाची. आत जाण्याआधी बाबा तिच्या वेल्डिंगच्या जोडांवरून हाताचा अंगठा फिरवत चालले. प्रत्येक जोडाशेजारी वेल्डरचा नंबर ठोकलेला असतो, उद्या काही निघालं तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. एका जागी ते थांबले. रंगाखाली त्यांचाच नंबर होता; त्यांनी तो डॉक्टरांना दाखवला.

"आता घाबरायचं कारण नाही," डॉक्टर म्हणाले. बाबा हसले, "माझाच काम आसा, म्हणान तर भय वाटता!"

मग दार बंद झालं. मी गोल काचेला नाक लावून बसले. आत पिवळसर उजेड होता, बाबांच्या तोंडावर मास्क होता आणि छाती संथ वरखाली होत होती. बाहेर शिरीषाची फुलं पत्र्यावर पडत होती, कुठलंसं मशीन एकसुरात गुणगुणत होतं... कितीतरी महिन्यांनी माझाही डोळा लागला. मधल्या विश्रांतीत मास्क बाजूला झाला तेव्हा स्पीकरमधून बाबांचा आवाज आला, "गावच्या होडयेतसून खाली बघितल्यासारखा वाटता गो."

दीड महिना आम्ही मुलुंड-अंधेरी केलं. अंगठा गेला. पाय राहिला. बाबा पुढे बारा वर्षं स्वतःच्या पायांनी कारखान्यात गेले.

लोक म्हणतात, पोरीने बापासाठी मुंबई पालथी घातली. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू... पण खरं सांगायचं तर ती टाकी माहीत असलेला माणूस सगळा वेळ आमच्या खाटेवर पडून होता. मी आणि आई त्यांना जपत होतो, ते आम्हाला जपत होते... आणि एकमेकांना जपता जपता आम्ही तिघांनी मिळून तो पाय जवळजवळ घालवलाच होता.