आईचा लाल, बाबांचा हिरवा

महामारीच्या त्या वर्षी सरकारनं ठरवलं, की माणूस बरा आहे का आजारी हे माणसाला विचारायचं नाही, त्याच्या मोबाईलला विचारायचं. मोबाईलवर एक ॲप घ्यायचं, त्यात आपली दुखणी भरायची, मग ते हिरवं, पिवळं नाहीतर लाल होणार. हिरवा असेल तो रेल्वेत बसेल, लाल असेल तो घरी. माणूस कसाही असू दे, मोबाईल हिरवा पाहिजे.

बहीण पुण्यात होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्यात रीत. पण डॉक्टरांनी तिला प्रवासच करू नको म्हणून सांगितलं, तेव्हा माहेरानंच तिच्याकडं जायचं ठरलं. माहेर म्हणजे आमची आई. डिंकाचे लाडू, जुन्या लुगड्यांची दुपटी, बाळंतशेपा, सगळं बांधून झालं. परभणीहून गाडीचं तिकीट निघालं. राहिलं ते ॲप. घरात मोबाईलमधलं मला कळतं असा एक गैरसमज आहे, त्यामुळं ते माझ्या गळ्यात पडलं.

आईच्या फोनवर मी ते घेतलं, प्रश्नांपर्यंत आणलं आणि कुणीतरी हाक मारली म्हणून बाहेर गेलो. परत येईपर्यंत आईनं स्वतःच सगळी उत्तरं देऊन टाकली होती. आता आमच्या आईची डॉक्टरकडं जायची एक पद्धत आहे. दाखवायला गेली बोटाची जखम, तरी सांगायचं डोक्यापासून टाचेपर्यंत. एवढं आमच्या झरी गावाहून परभणीला गेल्यावर एकच दुखणं सांगून परत यायचं म्हणजे तिला फसल्यासारखं वाटतं. इथं तर साक्षात सरकार विचारत होतं. मिश्रीचा वीस वर्षांचा खोकला तिनं सांगितला, माळवदावर चढताना लागणारी धाप सांगितली, बीपी सांगितला. शुगर नव्हती, पण डॉक्टर एकदा जपा म्हणाले होते, म्हणून तीही सांगितली. परदेशाच्या प्रश्नाला तेवढी अडली होती. हैदराबादला भाचीच्या लग्नाला गेलते ते धरायचं का, असं तिनं मलाच विचारलं.

ॲप लालभडक झालं. मी कपाळावर हात मारला. पुन्हा सगळ्याला 'नाही' म्हणून बघितलं, पण ते बेणं ऐकेना. गाडी संध्याकाळची. आई रडवेली होऊन लाडवांच्या डब्याकडं बघत बसली. पोरगी तिकडं वाट बघतेय, आणि आपण खरं बोललो म्हणून इकडं अडकलो, हे तिला काही केल्या पटेना.

बाबा ओसरीच्या पार त्या टोकाला बसले होते. त्यांनी तिथूनच त्यांचा फोन माझ्याकडं सरकवला. बाबांनी आयुष्यात स्वतःचं एक दुखणं कबूल केलेलं नाही. बैलानं पाय तुडवला तेव्हासुद्धा "काय झालंय मला?" असंच म्हणाले होते. मी प्रश्न वाचले, त्यांनी मान हलवली. ताप? नाही. खोकला? नाही. ॲप हिरवंगार.

तोच फोन आईच्या हातात देऊन मी तिला स्टेशनवर सोडलं. स्क्रीनवर नाव बाबांचं, खाली 'पुरुष' असंही लिहिलेलं. पण तपासणाऱ्याला वाचायचं नव्हतं, रंग बघायचा होता. आई तोंडाला पदर गुंडाळून पुरुष म्हणून गाडीत बसली.

हसत हसत घरी आलो, तर बाबा गोठ्यात बाजेवर गोधडी घेऊन पडलेले. जवळ जाऊ देईनात. लांबूनच कळत होतं, अंग फणफणलंय. मी चिडलो. ते एवढंच म्हणाले, "सांगितलं असतं तर गेली असती का ती? अन् तिला कळवू नको."

दुसऱ्या दिवशी बाबांना परभणीला नेलं, तिथं तपासणीसाठी त्यांच्या नाकात काडी घातली. तिथल्या माणसानं मोबाईल नंबर विचारला. मी सवयीनं बाबांचा सांगितला. रिपोर्ट येईपर्यंत घरी वेगळं राहा म्हणाले, म्हणून परत आलो.

तिकडं बहिणीला मुलगी झाली. आई नातीला बघायला दवाखान्याच्या दारात गेली, रखवालदारानं ॲप मागितलं, तिनं दाखवलं. आदल्या दिवशी हिरवं होतं. आता त्यावर आलं होतं, की तुम्ही बाधित आहात. रखवालदार मागं सरला, शेजारची माणसं पांगली, आणि बहिणीच्या सासूबाई तर रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभ्या राहिल्या. सगळे आईला भीत होते. फक्त आईलाच कळलं, की हा फोन कुणाचा आहे.

तिचा फोन आला तेव्हा मी गोठ्याबाहेर भाकरी ठेवत होतो. आम्हाला अजून कुणीच काही कळवलं नव्हतं. झरीतल्या माणसाचा रिपोर्ट आधी पुण्याला जातो, असा तो कारभार.

"त्यांना झालंय," आई म्हणाली. "स्पीकर लाव."

लावला. तिनं विचारलं, ताप कधी आला. बाबा म्हणाले, तू बॅग भरायलीस तवा.

मग आई फाडफाड बोलली. लेकीच्या घरात मी रोग घेऊन आले असते तर काय केलं असतं, याला काय अक्कल म्हणायची, तिनं काही शिल्लक ठेवलं नाही. तिचं बरोबरच होतं. मग म्हणाली, "मला पोरीला बघू देईनात. अन् तुमाला पाणी द्यायला मी तिथं न्हाई. कुठलीच ठेवली न्हाई मला तुमी."

पुढं तिची तपासणी निगेटिव्ह निघाली, नातीला तिनं मांडीवर घेतलं, बाबाही बरे होऊन दवाखान्यातून घरी आले. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक होतं? मी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी वाकडं बोलतो. तेव्हा नुसता फोन धरून उभा होतो. मला भयंकर भीती वाटत होती.

"तू पोरीला बघ, मग ये," बाबा म्हणाले. "तवर मी हाय."

आईनं फोन ठेवला नाही. ॲम्ब्युलन्स येऊन बाबांना घेऊन गेली तरी दोन्हीकडं तो चालूच होता.