तांब्याची टोपी आणि नानांचा कंदील

नाना गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. सहावीचा तास चालू होता. तो पुरा करूनच निघाले. अर्धवट सोडलेले काम नानांना चालत नसे. त्याला आता पाच आठवडे झाले.

चोपडा गावात त्यांचे पंपदुरुस्तीचे दुकान होते. शहाऐंशी साली मी त्यावरची माडीची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच आठवड्यात जिन्यात उभे राहून त्यांनी विचारले, "बाई, इंग्रजीमा पत्र लिखता येस ना?" पत्र आखातातल्या एका तिकीट जमवणाऱ्याला होते. नाना पाणबुड्यांची, म्हणजे समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांची, टपाल तिकिटे जमवत. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. ग्रीसचे हात आधी रॉकेलने, मग साबणाने धुऊन ते चिमट्याने एकेक तिकीट उचलत आणि मला समजावत... आधी नाकाला चाप लावून मोती काढणारे, मग पाण्यात सोडलेल्या माणसाएवढ्या घंटेत कोंडलेल्या हवेवर तगणारे, मग अख्खे डोके झाकणारी तांब्याची टोपी आणि वरून हवा पुरवणारी नळी (तिची जागा अजून रिकामी होती), शेवटी पाठीवर हवेची टाकी. "बठ्ठी गंमत हवानी शे, बाई. पानी नंतर." बठ्ठी म्हणजे सगळी, हे मला तेव्हा कळले.

हा नुसता छंद नव्हता, हे मला उशिरा कळले. त्यांचा धाकटा भाऊ बंद पडलेल्या विहिरीत गाळ काढायला उतरला आणि तळाच्या कोंदट हवेत गुदमरून गेला. पाणी गुडघाभरही नव्हते. तेव्हापासून नाना कुठल्याही विहिरीवर गेले की आधी दोरीने पेटता कंदील खाली सोडत. विझला तर कोणी उतरायचे नाही. मालक चिडला तर चिडो.

धुळ्याला तिकिटांचे प्रदर्शन भरणार होते. नानांना तिथे ही सगळी माळ लावायची होती, विहीरवाल्यांनी ती बघावी म्हणून. तांब्याच्या टोपीचे तिकीट तेवढे नव्हते. मी तीन पत्रे लिहिली, तेव्हा कुठे पाकीट आले. टोपीचे तिकीट आणि त्यावर टोपीच्याच चित्राचा खास शिक्का. नाना फैजपूरला मोटार बसवायला गेले होते. मदत म्हणून मी पाकीट ताटलीत भिजवले, तिकीट सोडवले, शाईचा डाग वाटला तो बोटाने चोळून काढला. शिक्का अर्धा पाकिटावर राहिला, अर्धा पाण्यात गेला. खरी किंमत त्या शिक्क्यासकट अख्ख्या पाकिटाला असते, हे मला ठाऊक नव्हते.

नानांनी ताटली पाहिली. "बठ्ठा शिक्का धोवाई गया ना, बाई." चिमट्याने तिकीट उचलून त्यांनी उजेडात धरले. "टोपी तर दिसस ना? मग लावू." मी माफी मागू लागले, तर त्यांनी माझ्या हातात कात्री दिली. पुठ्ठे कापायचे राहिले होते.

धुळ्यात परीक्षकांनी बरोबर तिथेच बोट ठेवले. "याचा शिक्का कुठे गेला?"

"धुतला गेला, साहेब. माझ्याच घरात." माझे नाव निघाले नाही.

मग त्यांना तिकिटांच्या चौकटीखाली नानांनी टांगलेला कंदील दिसला. इथे फक्त टपालाचे साहित्य चालते, हा काढा, असे ते म्हणाले.

"टोपी पाणबुड्यासनी शे, साहेब. आमनं यंत्र हाई शे."

"तरी काढा."

नानांनी काढला आणि तो हातात धरून दिवसभर चौकटीशेजारी उभे राहिले. हातात धरायला बंदी नव्हती. बक्षीस मिळाले नाही. तिकिटांपुढे लोक क्षणभर थांबत. कंदील कशाला म्हणून विचारत आणि मग नाना त्यांना सोडत नसत. त्या उन्हाळ्यापासून दुकानातला कंदील सारखा कुणाच्या तरी विहिरीवर असे.

मागच्या आठवड्यात मी नानांचे दुकान आवरत होते. एक शेतकरी दारात आला. नाना गेल्याचे त्याला माहीत नव्हते. मी सांगितले. तो पायरीवर बसला, थोड्या वेळाने म्हणाला, "कंदील न्यायला आलो होतो. विहिरीत माणूस उतरवायचा आहे."

मी खुंटीवरून काढला, तेल भरले. "विझला तर?"

"तर कोणी उतरत नाही."

"परत आणून द्या."

संध्याकाळी त्याने आणून दिला. विहिरीत अर्ध्या वाटेतच विझला म्हणाला. दोनदा सोडून पाहिला, दोन्हीदा विझला. माणसे घरी पाठवली.

काच पुसून, तेल भरून मी तो पुन्हा खुंटीला लावला आहे.