देवभोळ्या माणसाची जबानी

ती घटना आजही माझ्या मनातून गेलेली नाही, आणि मी ती जाऊ देणारही नाही. साठच्या दशकात तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथे फौजदार होतो. बाहेरगावचे मजूर बोईसरला भाड्याच्या खोल्यांत राहत. परिसरात काही बिघडलं की संशयाचं बोट त्यांच्याकडे.

एका मच्छीमाराची किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी जळाली. त्याचा चुलतभाऊ न बोलावता पोलीस ठाण्यात खबर घेऊन आला. आदल्या दिवशी बाजारात एका मजुराने त्या मच्छीमाराला "होडी पेटवीन" अशी धमकी दिली होती म्हणे. मजूर कोठडीत आला. वरिष्ठांचा हुकूम झाला, "कबुली घ्या, उद्या कोर्टात हजर करा आणि तिथेही तीच वदवून घ्या."

पंचनामा करताना मला एक गोष्ट खटकली होती. होडीचा कोळसा झाला, पण जाळं मात्र वाळूवर नीट घडी करून ठेवलेलं. रागावलेला परका माणूस जाळं कशाला वाचवेल? मी वरिष्ठांना सरळ सांगितलं, "बदली करा, पण खोट्या कबुलीवर माझी सही होणार नाही."

चौकशीत मी आधी विचारायचो, तू माणूस कसा आहेस?

मजूर म्हणाला, "लई वंगाळ हाय मी, सायेब. डोकं फिरलं की हात उठतो. त्यानं सडकी मासळी दिली म्हनून धमकावलं. पर होडी न्हाई जाळली."

चुलतभावाचं पुराण मात्र संपेना. "मी देवभोळा मानूस, साहेब. कोनाच्या पोटावर पाय देत नाय." होडीच्या वाटणीवरून भावाशी वाद आहे का, असं विचारलं, तरी पुन्हा देवभोळेपणाच. मला संताप आला. मी मुद्दाम डिवचलं, "तू कसला देवभोळा! जाळं जाळायला निघालेल्याला देव कुठला?"

तो ताडकन उठला. "जाळं? जाळ्याची आमी पूजा करतो! पैलं वाळूवर काढून ठेवलं, मगच..."

पुढचं त्याने गिळलं. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. पण मग पंचांसमोर त्याने सुरूच्या बनात पुरलेला रॉकेलचा डबाही काढून दिला.

मजूर सुटला तो आम्हाला शिव्या देतच. हवालदाराने काठी उगारली, ती मी धरली. "देऊ दे. तो कसा आहे ते त्याने आधीच सांगितलं होतं."

हुकूम मोडला म्हणून माझी बदली झालीच. वंगाळ माणूस म्हणजे गुन्हेगार नव्हे, हे वरिष्ठांना पटलं नव्हतं. आजही कोणाला पटत नसेल तर न पटो. त्या मजुराला मी पुन्हा सोडीन.